जामिनावरचा दीर

वहिनी कामावरून घरी आली तेव्हा तिच्या स्वयंपाकघरात एक अनोळखी बाई बसली होती आणि नवरा तिला आतली लहान खोली दाखवून नुकताच परत आला होता.

"त्या खोलीची खिडकी उघडते ना?" बाईनं विचारलं.

"उघडते, उघडते," नवरा म्हणाला. मग त्याला दारात उभी राहिलेली बायको दिसली आणि त्याचा आवाज खाली आला. "या कोर्टाकडून आल्यात. धाकट्याबद्दल."

धाकटा म्हणजे नवऱ्याचा पाठचा भाऊ. लिफ्ट दुरुस्त करायचा. एका इमारतीत काम करताना खड्ड्यात पडला, पाठ धरली. डॉक्टरनं दुखण्यावरच्या गोळ्या लिहून दिल्या. पाठ सुटली, गोळ्या सुटल्या नाहीत. नोकरी गेली, बायको माहेरी गेली ती परत आलीच नाही. शेवटी एका औषधाच्या दुकानात चिठ्ठीशिवाय गोळ्या मिळेनात, तेव्हा त्यानं काउंटरवरून उडी मारून कपाट ओढलं. ते दुकानदाराच्या हातावर पडलं आणि मनगटाचा चुरा झाला. धाकटा पाकिटं खिशात कोंबत असतानाच रस्त्यावरच्या लोकांनी त्याला धरला. तेव्हापासून तो कच्चा कैदी होता. खटला उभा राहायला अजून वर्ष तरी जाईल, असं सरकारनं दिलेला वकील सांगत होता.

वहिनीनं खांद्यावरची पिशवी खाली ठेवली नाही. "काय हवंय यांना?"

बाई उंच होती, किडकिडीत, आणि बोलताना मधूनच खोकत होती. "खटला सुरू होईपर्यंत माणूस आत सडत राहतो," ती म्हणाली. "त्यापेक्षा त्याला बाहेर ठेवायचं, पण वाऱ्यावर सोडायचं नाही. उपचार, राहायची जागा, एखादं काम, या सगळ्याशी त्याला जोडून द्यायचं. जोडून देणं एवढंच माझं काम. उपचार केंद्रात जागा मिळालीये. पण न्यायाधीशांना राहायचा पत्ता लागतो."

"आणि ह्यांनी दिला."

"त्यांनी दिला. पण घर तुमच्या नावावर आहे, हे आत्ता कळलं. म्हणजे तुम्ही हो म्हणायला हवं."

ते घर वहिनीच्या वडिलांनी तिला घेऊन दिलं होतं. लग्नानंतर इतक्या वर्षांत तिनं ते कधी बोलून दाखवलं नव्हतं. आज तिला ते जिन्यात उभं राहून ओरडून सांगावंसं वाटलं.

"माझं उत्तर नाही," ती म्हणाली.

नवऱ्यानं मान खाली घातली. बाई उठली. "नाही म्हणायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. मी कारण विचारणार नाही."

"विचारा की. सांगते." वहिनीचा आवाज चढला. "ती खोली पाहिलीत ना, तिथं माझी आई गेली. हाडांचा कॅन्सर होता. शेवटी शेवटी तिच्या डबीतल्या गोळ्या कमी व्हायला लागल्या. मला वाटलं, माझंच मोजण्यात चुकतंय. एका रविवारी डबी रिकामी निघाली आणि दुकानं बंद. आई दिवसभर उशी दातात धरून पडली होती. आणि हा धाकटा तिच्या पायाशी बसून तिचे पाय चेपत होता. गोळ्या याच्या पोटात, आणि हा पाय चेपतोय. मिळालं कारण?"

"मिळालं," बाई म्हणाली, आणि जिना उतरून गेली. वहिनीनं त्या दिवसापासून तिचं नाव जोडणीबाई ठेवलं, आणि ते कौतुकानं ठेवलेलं नव्हतं.

नवरा त्या दिवशी जेवला नाही. वहिनीनं त्याला आग्रहही केला नाही.

तिचा राग मात्र शांत बसेना. एका दंतवैद्याच्या प्रयोगशाळेत ती कवळ्या बनवायची. दिवसभर मेणाच्या हिरड्यांत एकेक दात बसवायचा, घासायचा, पुन्हा बसवायचा. त्या कामाला डोकं थंड लागतं. दुसऱ्या दिवशी तिनं एका म्हाताऱ्याच्या कवळीत सुळा उलटा बसवला. दंतवैद्यानं ती कवळी तिच्यापुढं ठेवली आणि निघून गेला. तेव्हा तिनं ठरवलं की धाकट्याच्या तोंडावर जाऊन नाही म्हणून यायचं. नवऱ्याच्या हाती निरोप पाठवला असता, तर त्यानं त्याला साखर लावली असती.

तुरुंगाच्या भेटीच्या खोलीत जाळीपलीकडं तो येऊन बसला. गालफडं बसलेली, डोळे जडावलेले. तो तिच्या मागं कुठंतरी बघत होता.

"वहिनी, तुम्ही नाही म्हणा," त्यानंच सुरुवात केली. "दादा भाबडा आहे. तुमच्या जागी मी असतो तर मीही नाहीच म्हणालो असतो."

वहिनीच्या डोक्यात तिडीक गेली. जे सुनवायला ती दोन बस बदलून आली होती, ते यानं आधीच तिच्या हातात आणून ठेवलं होतं. "तू इथंही घेतोयस?"

"इथं मिळतात. बाहेरपेक्षा सोपं आहे. दुपारचं जेवण द्यायचं आणि गोळी घ्यायची."

"कोण देतं?"

त्यानं खांदे उडवले. शेजारी उभा असलेला पहारेकरी घड्याळाकडं बघत होता.

वहिनी त्याच्याकडं बघत राहिली. म्हणजे याला इथं शिक्षा होत नव्हती आणि औषधही मिळत नव्हतं. हा असाच धुंदीत वर्ष काढणार, धुंदीतच खटल्याला उभा राहणार, आणि तिच्या आईच्या त्या रविवारचा जाब विचारायला समोर माणूसच नसणार. वर्षभर मनात घोळवलेली एकेक वाक्यं ती कुणाला ऐकवणार होती? या जडावलेल्या डोळ्यांना?

"भाऊजी," ती म्हणाली. तो लग्नाच्या वेळी शाळेत होता, म्हणून ती त्याला कायम अरे-तुरे करायची. रागावली की भाऊजी म्हणायची आणि अहो-जाहोवर यायची. "तुम्ही घरी येताय. उपचार घेताय. शुद्धीवर येताय. मग मला तुमच्याशी भांडायचंय. नशेतल्या माणसाशी भांडून माझं समाधान होत नाही."

तो पहिल्यांदाच तिच्याकडं नीट बघायला लागला. तोवर ती उठून निघूनही गेली होती.

धाकटा जामिनावर घरी आला तो कोर्टाच्या अटींचं गाठोडं घेऊनच. दर मंगळवारी सकाळी दहा ते बारा पोलीस चौकीत हजेरी. रोज उपचार केंद्रात जाऊन नर्सच्या समोर गोळ्यांची तलफ कमी करणारं औषध पिणं. संध्याकाळी सातच्या आत घरात. त्यावर वहिनीनं आपल्या अटी घातल्या: तिच्या कपाटाला हात लावायचा नाही, घरात कुणाला आणायचं नाही, आणि नवऱ्यासमोर गरीब गाईसारखं तोंड करून बसायचं नाही. कपाटाला तिनं नवं कुलूप आणलं. तो ते बघत असताना तिनं मुद्दामच त्याच्यासमोर ते लावलं.

"बरं केलंत," तो म्हणाला.

"तुमचा अभिप्राय मागितला नव्हता," वहिनी म्हणाली.

पहिले काही आठवडे वाईट गेले. तो घामानं निथळायचा, येरझाऱ्या घालायचा, बाथरूममध्ये जाऊन ओकायचा. नवरा दाराबाहेर उभा राहून "काही हवं का रे" म्हणत राहायचा, आणि वहिनीला दोघांचाही राग यायचा. जोडणीबाई आठवड्यातून एकदा यायची, नेहमी उशिरा आणि घाईत. तिनंच त्याला एका संस्थेच्या कारखान्यात लावून दिलं. तिथं लोकांनी टाकून दिलेल्या चाकांच्या खुर्च्या दुरुस्त करून गरजूंना देत. कारखाना चालवणारा माणूस स्वतः अशाच एका खुर्चीत होता. सगळे त्याला उस्ताद म्हणत. धाकट्यानं पहिल्याच दिवशी एक अडकलेला ब्रेक सोडवला तेव्हा उस्ताद म्हणाला होता, "लिफ्टवाला असून जमिनीवर बरं काम करतोस." हे धाकट्यानं घरी येऊन सांगितलं आणि स्वतःच हसला. नवराही हसला. वहिनीनं पाण्याचा नळ मोठा सोडला.

तीनेक महिन्यांनी त्याचे डोळे स्वच्छ दिसायला लागले. मग एका सुटीच्या दिवशी नवरा बाहेर गेल्यावर वहिनीनं त्याला स्वयंपाकघरात बोलावलं.

"बसा भाऊजी. आईच्या गोळ्या."

तो बसला. विषय कशाचा आहे हे त्याला विचारावं लागलं नाही. "आधी एकेक घेत होतो," तो म्हणाला. "ती झोपली की. त्या रविवारी तीन उरल्या होत्या. मला माहीत होतं की तिला लागतील. तिन्ही घेतल्या."

"माहीत होतं."

"हो."

"आणि मग पाय चेपत बसलात."

"ती कण्हत होती. मला दुसरं काय करता येणार होतं?"

"मला सांगता आलं असतं," वहिनी म्हणाली. "मी शेजाऱ्यांच्या दारात गेले असते. हॉस्पिटलात गेले असते. ती ओरडली नाही, माहीत आहे? मला त्रास नको म्हणून तिनं उशी दातात धरली. मला. आणि तू तिथं बसून बघत होतास." ती अहो-जाहो विसरली होती. वर्षभर रचलेली वाक्यं तिला एकही आठवेना. जी तोंडातून निघाली ती तोकडी, वेडीवाकडी होती आणि तीच पुन्हा पुन्हा येत होती. तो ऐकत राहिला. त्यानं आजाराचं नाव पुढं केलं नाही, रडला नाही, पाया पडला नाही. पडला असता तर तिनं त्याला लाथाडला असता.

"चल, ऊठ आता इथून," शेवटी ती म्हणाली.

भांडण झालं, पण तिला हलकं वाटलं नाही. फक्त त्या दिवसापासून तिला रात्री झोप लागायला लागली, आणि त्याचाही तिला थोडा रागच आला.

काही आठवड्यांनी प्रयोगशाळेत फोन आला. वहिनीच्या बोटांना मेण लागलेलं होतं, म्हणून दंतवैद्यानं तो तिच्या कानाला धरला. उस्ताद बोलत होता. पोलीस येऊन धाकट्याला घेऊन गेले होते. सगळ्यांसमोर, हातात बेड्या घालून.

"परत गोळ्या घेतल्या," वहिनी मोठ्यानं म्हणाली. दंतवैद्य दचकला. ती तशीच चौकीत गेली, वाटेत मनातल्या मनात धाकट्याला घराबाहेर काढून, त्याची गादी गच्चीवर फेकून, नवऱ्यालाही खडे बोल सुनावून झाले.

चौकीतला अंमलदार गोरागोमटा, नीटनेटका माणूस होता. "तीन मंगळवार हजेरी नाही," तो म्हणाला. "जामिनाची अट मोडली. वॉरंट निघालं."

"कुठं होता तो तीन मंगळवार?"

"त्यालाच विचारा."

धाकटा कोठडीत बाकावर बसला होता. वहिनीनं आधी त्याचे डोळे पाहिले. स्वच्छ होते. त्यामुळं ती आणखीच गोंधळली.

"केंद्राची वेळ बदलली," तो म्हणाला. "त्यांच्याकडं माणसं कमी केली. मंगळवारी आणि शुक्रवारी आता दहा ते बाराच औषध मिळतं. इथली हजेरीही मंगळवारी दहा ते बारा. केंद्र गावाच्या त्या टोकाला. औषध घेऊन इथं पोचेपर्यंत एक वाजतो. पहिल्या मंगळवारी आलो, तर म्हणाले, वेळ संपली. दुसऱ्या मंगळवारी तेच. तिसऱ्या मंगळवारीही आलो होतो, वहिनी. तिन्ही वेळा आलो होतो."

वहिनी अंमलदाराकडं वळली. "हा आला होता?"

"एक वाजता आला होता."

"म्हणजे आला होता."

"बाई, हजेरी म्हणजे दहा ते बारा. त्यानंतर आला तो आला नाही."

"आणि औषध न घेता इथं आला असता तर?"

"तर उपचाराची अट मोडली असती," अंमलदार म्हणाला. त्याला यात काही विचित्र वाटलं नसावं. तो जेवणाचा डबा उघडायला लागला.

वहिनीनं जाळीतून धाकट्याला विचारलं, "घरी का नाही सांगितलंस?"

"तुम्ही आधीच इतक्या रागावलेल्या," तो म्हणाला. "वाटलं, हेही माझ्याच नावावर मांडाल."

मांडलंच असतं. आत्ता बसमध्ये ती तेच करत आली होती. पण हे त्याला सांगायच्या मनःस्थितीत ती नव्हती. ती तडक कोर्टाच्या इमारतीत गेली आणि जोडणीबाईची खोली विचारत विचारत तळघरात उतरली.

ती खोलीही धड नव्हती. अर्ध्या जागेत मोडकी कपाटं, उरलेल्या जागेत एक टेबल, आणि भिंतीला टेकून लोक उभे: एक कडेवर मूल घेतलेली पोर, स्वतःशीच बोलणारा एक म्हातारा, हाताला पट्टी बांधलेला एक जण. जोडणीबाई एका कानाला फोन धरून दुसऱ्या हातानं कुणाला तरी थांबायची खूण करत होती. वहिनीनं कुणाची पर्वा केली नाही.

"जोडून देणं हे तुमचं काम," ती म्हणाली. "छान जोडलंत. एकच माणूस एकाच वेळी गावाच्या दोन टोकांना. तुमच्या भरवशावर मी त्याला माझ्या आईच्या खोलीत घेतला. आणि आज त्याला लोकांसमोर बेड्या घालून नेला, कारण त्यानं तुम्ही सांगितलं तेच केलं."

जोडणीबाईनं फोन ठेवला. "वेळ बदलली त्याच दिवशी मी चौकीला फोन केला. ते म्हणाले, हजेरीची वेळ फक्त कोर्ट बदलू शकतं. मी कोर्टात अर्ज दिला. अर्जाला पुढच्या महिन्यातली तारीख मिळाली. मी त्याला म्हणाले, औषध चुकवू नकोस, चौकीचं मी बघते."

"बघितलंत मग."

"नाही बघू शकले." जोडणीबाई एकदम उठली, खुर्ची मागच्या कपाटावर आदळली. "हे सगळे बघा. शंभरावर माणसं आहेत आणि मी एकटी. दर आठवड्याला यातला कुणीतरी असाच आत जातो आणि वरती लोक म्हणतात, बघा, यांना बाहेर सोडलं की असंच होतं. तुम्हाला वाटतं, राग फक्त तुम्हालाच येतो? ओरडा अजून. पण उद्या अकराला त्याला न्यायाधीशांपुढं उभं करणार आहेत. मी बोलेनच. माझं बोलणं ऐकून ऐकून त्यांचे कान बधिर झालेत. तुम्ही बोलाल का?"

"मी काय बोलणार? मी वकील आहे का?"

"आत्ता माझ्याशी जे बोललात ते."

दुसऱ्या दिवशी वहिनी कोर्टात उभी राहिली. नवरा मागच्या बाकावर हात जोडून बसला होता. देवळात बसल्यासारखा दिसतोय, असं तिला वाटलं आणि तिनं त्याच्याकडं बघायचं सोडलं. सरकारी वकील म्हणाला की आरोपीला संधी दिली होती, त्यानं ती वाया घालवली, जामीन रद्द करावा. न्यायाधीश वयस्क होते, समोरचे कागद चाळत होते. जोडणीबाई बोलली. ते कागदच चाळत राहिले. मग त्यांनी विचारलं, "घर कुणाचं?"

"माझं," वहिनी म्हणाली. "मी याची वहिनी."

"याला घरात ठेवायला तुमची अजून तयारी आहे?"

"ते नंतर सांगते. आधी एक विचारायचंय. मंगळवारी सकाळी यानं कुठं जायचं? तुम्हीच सांगा. दोन्ही हुकूम तुमचेच आहेत."

सरकारी वकील काहीतरी म्हणायला उठला. न्यायाधीशांनी हातानं त्याला बसवलं.

"माझं याच्यावर काही प्रेम ऊतू चाललेलं नाही," वहिनी म्हणाली. "यानं माझ्या घरात जे केलंय ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. खटला चालवा, दोषी ठरला तर शिक्षा करा, मी एक शब्द बोलणार नाही. पण केलेल्या गोष्टीची शिक्षा करा. बस वेळेवर पोचत नाही याची करू नका. हा माणूस वर्षानुवर्षांनी पहिल्यांदा शुद्धीवर आलाय. त्याला तुरुंगात परत पाठवलंत, तर तिथं गोळ्या जेवणाच्या बदल्यात मिळतात. मला त्यानं सांगितलं तेव्हा तुमचा पहारेकरी शेजारीच उभा होता."

न्यायाधीशांनी पहिल्यांदा कागद बाजूला ठेवले. त्यांनी सरकारी वकिलाला विचारलं की केंद्राची वेळ बदलल्याचं त्यांना माहीत होतं का. माहीत नव्हतं. त्यांनी अंमलदाराला विचारलं की आरोपी तिन्ही मंगळवारी चौकीत आला होता का. अंमलदार म्हणाला, "एक वाजता, साहेब."

"म्हणजे आला होता," न्यायाधीश म्हणाले.

वॉरंट रद्द झालं. यापुढं केंद्रातच हजेरी लागेल आणि केंद्र ती चौकीला कळवेल, असा हुकूम झाला. नवरा रडायला लागला. वहिनी बाहेर व्हरांड्यात आली, तर तिथं एक माणूस तिची वाट बघत उभा होता. त्याचा उजवा हात मनगटापासून पुढं आखडलेला, बोटं अर्धवट मिटलेली.

"तुमचा दीर औषधाच्या दुकानात आला होता, ते दुकान माझं," तो म्हणाला. "आज तारीख आहे कळलं म्हणून आलो. छान बोललात. त्याला उपचार मिळाले, काम मिळालं, राहायला घर मिळालं, कोर्टात बोलायला वहिनी मिळाली. मला कोण मिळालं? या हातानं मला गोळ्यांचं पाकीटही फाडता येत नाही. मला एकदा तरी कुणी विचारलं का?"

उत्तरासाठी तो थांबलाही नाही.

हुकूम शुक्रवारी दुपारी झाला होता. पण सुटकेचा कागद तुरुंगात पोचला सोमवारी, आणि तोवर धाकट्याला तिथंच ठेवलं होतं. मधले दिवस त्याला औषध मिळालं नाही, कारण तुरुंगात ते औषध ठेवत नाहीत. सोमवारी फाटकातून बाहेर आला तेव्हा वहिनीनं त्याचे डोळे पाहिले आणि तिला कळलं.

"शनिवारी घेतली," तो म्हणाला. "खोटं बोलणार नाही. अंगाला आग लागली होती."

नवरा तोंड फिरवून उभा राहिला. वहिनीच्या हाताची मूठ वळली. कुणाच्या तोंडात मारायची, हेच तिला समजेना. फाटकावरच्या पहारेकऱ्याच्या, शुक्रवारचा हुकूम शनिवारी न पोचवणाऱ्या कारकुनाच्या, याच्या, की स्वतःच्या? तिनं त्याचं मनगट धरलं आणि त्याला ओढत बसथांब्यावर नेलं. "घरी जायचं नाही. आधी केंद्रात. पहिल्यापासून सुरू करायचं. वाटेत ओकायचं असेल तर सांग, बसमध्ये घाण नको."

पहिल्यापासून सुरू झालं. पुन्हा घाम, पुन्हा येरझाऱ्या. या वेळी नवरा दाराबाहेर उभा असायचा तेव्हा वहिनी त्याला हाकलून स्वतः उभी राहायची. आत ओकणाऱ्या माणसाला ती दारातूनच शिव्या घालायची, न थांबता, तो बाहेर येईपर्यंत. तो म्हणायचा, त्या शिव्यांमुळं वेळ बरा जातो.

पण त्या दुकानदाराचा प्रश्न तिच्या डोक्यातून जाईना. तिनं तळघरात जाऊन जोडणीबाईला विचारलं, "त्या माणसाला कुणाशी जोडून द्यायचं तर तुमच्याकडं काय आहे?"

"काहीच नाही. ज्याच्यावर आरोप आहे, तो माझ्याकडं येतो. ज्याला मार लागला तो माझ्या कामात बसत नाही."

"मग बसवा."

खोकत खोकत जोडणीबाईनं फोन उचलला. दोन-तीन ठिकाणी तिची बोळवण झाली. चौथ्या ठिकाणी, एका धर्मादाय हॉस्पिटलात, हातांचे व्यायाम करून घेणारी बाई मिळाली. गुन्ह्यात जखमी झालेल्यांना तिथं मोफत उपचार होते. गेली कित्येक वर्षं होते. ते कुणी कुणाला सांगितलंच नव्हतं.

वहिनी दुकानात गेली. दुकानदारानं तिला ओळखलं आणि त्याचा चेहरा बंद झाला. "काय हवंय?"

तिनं हॉस्पिटलचं नाव आणि त्या बाईला भेटायची वेळ सांगितली.

"उपकार नकोत," तो म्हणाला. "हे करून त्याच्याविरुद्धची माझी साक्ष सौम्य होईल, असं वाटत असेल तर चुकताय."

"साक्ष जशी आहे तशीच द्या. सगळं सांगा."

"मी त्याला माफ करणार नाही."

"मी तरी कुठं केलंय?" वहिनी म्हणाली.

त्यानं डाव्या हातानं काउंटरवरची पाकिटं सरळ केली. मग त्यानं विचारलं, "त्या हॉस्पिटलाला कुठली बस जाते?"

खटला जवळजवळ वर्षानं उभा राहिला. दुकानदारानं साक्षीत काही लपवलं नाही आणि काही कमीही केलं नाही. धाकट्यानं गुन्हा कबूल केला. उस्ताद चाकांच्या खुर्चीतून येऊन दोन वाक्यं बोलला. न्यायाधीशांनी आत काढलेले दिवस शिक्षेत धरले, उरलेली शिक्षा उपचार चालू ठेवण्याच्या अटीवर स्थगित केली, आणि दुकानदाराला भरपाई म्हणून धाकट्याच्या पगारातून दर महिन्याला कापून द्यायचं ठरवलं. दुकानदार धाकट्याशी बोलला नाही, त्याच्याकडं बघितलंही नाही. धाकट्यानंही ते मागितलं नाही.

पुढं तो कारखान्यामागच्या खोलीत राहायला गेला. आठवड्यातून एकदा जेवायला यायचा. वहिनी त्याला वाढायची आणि मधूनच, काही कारण नसताना, अहो-जाहोवर यायची. तो मुकाट जेवायचा.

केंद्राची मंगळवारची वेळ काही बदलली नाही. चौकीचीही नाही. धाकट्यासाठी झालेला हुकूम फक्त धाकट्यासाठी होता. पुढच्याच हिवाळ्यात जोडणीबाईचा फोन आला. बेकरीत काम करणारी एक मुलगी होती, तिलाही तसंच, तीन मंगळवार चुकले म्हणून उचललं होतं. "तिचं कुणी नाही," जोडणीबाई म्हणाली. "उद्या अकराला."

"मी तिला ओळखतही नाही," वहिनी म्हणाली.

"हो."

वहिनीनं फोन ठेवला आणि दंतवैद्याकडं जाऊन उद्याची सुटी मागितली. तो म्हणाला, दोन कवळ्या उद्याच द्यायच्यात. ती म्हणाली, आज करून जाते. मग ती टेबलाशी बसली, मेण गरम केलं आणि इतक्या जोरात दात बसवायला लागली की दंतवैद्यानं आतून ओरडून विचारलं, काय झालं म्हणून. उद्या पहिलं वाक्य कुठलं बोलायचं, ते ती जुळवत होती.